पुसलेले निकाल

हार्लनचा पाय कापला तेव्हा डेल्फीन रडली नाही. माझी धाकटी बहीण तशी घट्ट आहे. ती रडली महिन्याभराने, नर्सिंग होमच्या बाईंनी सांगितलं तेव्हा, की तळमजल्यावरचं घर मिळाल्याशिवाय तिच्या नवऱ्याला सोडता येणार नाही. त्यांची जागा तिसऱ्या मजल्यावर, आणि बॉल्टिमोरच्या आमच्या भागातले जिने असे, की धडधाकट माणूसही मध्ये थांबून दम खातो.

घर शोधायला मीच तिला गाडीतून फिरवलं. शेवटी एक सापडलं. रुंद दारं, न्हाणीघरात धरायला दांडा, शेजार बरा. तिथली मॅनेजर ट्रुडी बोलायला गोड. तिने दोघांची नावं घेतली, भाडेकरूंची कुंडली काढून देणाऱ्या एका कंपनीकडून माहिती मागवली, आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. डेल्फीनच्या नावावर कोर्टाचे निकालच निकाल होते, सगळे भाडं थकवल्याचे.

"मी कधी कुणाचं भाडं बुडवलं गं, ताई?" ती मलाच विचारत होती.

बुडवलं नव्हतंच. आमच्या जुन्या गल्लीतली बरीचशी घरं वॉयचिक नावाच्या माणसाची होती. भाडं पाच तारखेच्या आत द्यायचं, आणि डेल्फीनचा पगार व्हायचा दहाच्या पुढे. उशीर झाला की वॉयचिक लगेच कोर्टात दावा लावायचा. सगळ्यांवर, दर महिन्याला, अगदी नेमाने. दारावर कागद चिकटला की गल्लीतल्या बायका हसायच्या, "आलं गं तुझं प्रेमपत्र." पगार झाला की भाडं आणि वर कोर्टाचा खर्च त्याच्या ऑफिसात नेऊन द्यायचा, की विषय संपला. पैसे देऊन टाकल्यावर कोर्टात कशाला जायचं? खाडा झाला तर पगार कोण देणार? म्हणून कुणीच गेलं नाही. आणि जो तारखेला जात नाही तो हरतो, हे कुणी सांगितलं नाही. मी वाचले, कारण माझा पगार एक तारखेला व्हायचा. त्यात माझी अक्कल काही नव्हती.

फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, की पैसे पोचले असं घरमालकाने लिहून दिलं तर निकाल पुसून घेता येतील. ट्रुडीने शुक्रवारपर्यंत घर कुणाला द्यायचं नाही असं कबूल केलं. त्याच दुपारी आम्ही वॉयचिककडे गेलो. तो आता शहराबाहेर मुलीकडे राहतो. डेल्फीनने त्याच्यासाठी केक केला होता.

"ज्याने खड्ड्यात घातलं त्यालाच केक?" मी म्हटलं.

"गुळाने मरतो त्याला विष कशाला? तू फक्त तोंड मिटून बस."

म्हाताऱ्याने तिला लगेच ओळखलं. "डेल्फीन! अगं, तू तर माझी सगळ्यात चांगली भाडेकरू."

"मग दर महिन्याला कोर्टात का ओढलंत, साहेब?"

"ते तुझ्यावर नव्हतं, पोरी. ती आपली पद्धत होती. कागद गेला की लोक पैसे लवकर आणतात. कोर्ट ते सगळं जपून ठेवतं, हे मला काय ठाऊक?"

"पैसे मात्र तुम्ही बरे जपून ठेवलेत," मी म्हटलं. डेल्फीनने टेबलाखालून मला लाथ मारली.

त्याने सही केली. मग केकचा दुसरा तुकडा मागितला. निघताना डेल्फीनने त्याचे दोनदा आभार मानले. त्या आभारांचा मला अजून राग येतो.

कोर्टात वकीलबाईंनी मधेच आमचा नंबर लावून घेतला. न्यायाधीशांनी कागद पाहिले, डेल्फीनला दोन प्रश्न विचारले आणि सगळे निकाल पुसायचा हुकूम दिला. इतकी वर्षं जे मानेवर बसलं होतं ते चहा निवायच्या आत उतरलं. आम्ही बाहेर पायरीवर बसून कागदातला तळलेला मासा खाल्ला. तिने हार्लनला फोन लावला. तो म्हणाला, "थांब, आत्ता पळत येतो." ती इतकी हसली की घास अडकला.

शुक्रवारी ट्रुडीने माहिती पुन्हा मागवली. सगळे निकाल होते तिथेच.

मी कोर्टाचा हुकूम तिच्यापुढे ठेवला. तिने बिचारीने आमच्यासमोरच कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "कोर्टाने पुसले असतील, पण आमच्याकडे नोंद आहे. तक्रार करा, तपासून महिन्याभरात कळवू."

"मग महिनाभर थांबा," मी ट्रुडीला म्हटलं.

"माझ्या हातात असतं तर थांबले असते. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे." मग तिने आवाज खाली आणला. "एक करता येईल. हार्लनचं नाव स्वच्छ आहे."

असणारच. तो उभा जन्म बोटीवर कामाला, इथे कधी असायचाच नाही, म्हणून प्रत्येक घर बायकोच्या नावावर घेतलेलं.

"त्यांना आज किल्ली देते," ट्रुडी म्हणाली. "तुमचं नाव तेवढं अर्जातून काढावं लागेल. दिवसभर या, काय हवं ते करा. फक्त रात्रीचा मुक्काम नको. पाहुण्यांना तो नियम आहे, आणि दारावर कॅमेरा आहे. कुणी दाखवून दिलं तर घर काढून घेतील."

डेल्फीन उठली आणि थेट नर्सिंग होममध्ये गेली. हार्लन ऐकून म्हणाला, "मुळीच नको. मी इथेच बरा आहे." त्याच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस रात्रभर ओरडतो आणि हा डोळ्याला डोळा लावत नाही, हे तिला माहीत होतं. तिने किल्ली घेतली.

कंपनीचं उत्तर आलं: नोंद तपासली, बरोबर आहे. आम्ही पुन्हा तक्रार केली. वकीलबाई म्हणतात, आता कंपनीवरच दावा लावावा लागेल, आणि दाव्याला वेळ लागतो. आमच्यावरचा दावा मात्र मिनिटांत लागायचा.

आता डेल्फीन सकाळी जाते. स्वयंपाक करते, त्याला आंघोळ घालते, इंजेक्शन देते. संध्याकाळी त्याला पलंगावर नीट निजवून फोन उशाशी ठेवते. अंधार पडला की मी गाडी घेऊन जाते आणि तिला तिच्या तिसऱ्या मजल्यावर सोडते. वर दिवा लागला की मी निघते.

परवा सकाळी मी तिला सोडायला गेले, दार उघडलं तर हार्लन जमिनीवर. रात्री बाथरूमला जायला उठला आणि पडला. लेंगा ओला होता, अंग गार पडलं होतं. फोन पलंगावरून ओढून त्याने छातीशी धरला होता. दोघींनी मिळून त्याला खुर्चीत बसवलं. डेल्फीन टॉवेल आणायला गेली तेव्हा मी त्याच्यावर ओरडले, "फोन हातात होता ना? मग केला का नाहीस?"

तो हळूच म्हणाला, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

"केला असता तर ती रात्रीच आली असती, ताई. दारावर कॅमेरा आहे."