वाकडा काप

वेंडेलचं वजन एकशे चौदा पौंड भरलं, तेव्हा लॉरेननं माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांचे गेलेले बारा पौंड मीच चोरलेत. खरं सांगायचं तर पुरावाही माझ्याविरुद्धच होता. जानेवारीत मी या घरात राहायला आले तेव्हा नुसती काडी होते, आणि आता नोव्हेंबरात माझ्या जीन्सचं बटण लागत नव्हतं.

वेंडेल म्हणजे घराचे मालक. ऑगस्टमध्ये त्यांनी शंभरी गाठली. लॉरेन त्यांची मुलगी, स्वतः बहात्तर वर्षांची, दर रविवारी दीड तास ड्राइव्ह करून येणारी. आणि मी अबोली, वरच्या खोलीतली पीएचडीची विद्यार्थिनी. म्हाताऱ्या माणसाला सोबत म्हणून मी इथे राहायचं आणि संध्याकाळचं जेवण दोघांचं करायचं, असं आमचं ठरलं होतं.

"डॉक्टर म्हणतात, थँक्सगिव्हिंगपर्यंत एकशे वीस व्हायला हवेत," लॉरेन म्हणाली. "नाहीतर डॅडना केअर होममध्ये हलवायचं. तीन आठवडे आहेत."

वेंडेल खिडकीपाशी बसून ट्राउट मासे पकडायची नकली माशी बांधत होते. तांदळाच्या दाण्याएवढ्या हुकावर रेशमाचा दोरा गुंडाळत होते. "हे घर मी बांधलंय," ते वर न बघता म्हणाले. "मी कुठेही जाणार नाही." पण आवाज बारीक झाला होता. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून मी भांडी जोरजोरात घासली.

माझी आई वर्ध्याला मेस चालवते. आमच्या घरात माणूस जेवला नाही तर दोष जेवणाऱ्याचा नसतो, स्वयंपाकाचा असतो. मेसमधल्या एका मुलानं ताटात अर्धी पोळी टाकली तर आई दोन दिवस कणकेला नावं ठेवते. आता तिची मुलगी एका शंभर वर्षांच्या माणसाला उपाशी मारत होती.

आमचं जेवण संध्याकाळी साडेपाचला. पाव असो, पिझ्झा असो की माझं थालीपीठ, वेंडेल ब्रेड कापायची दातेरी सुरी हातात घेणार म्हणजे घेणार. थालीपीठ सुरीनं कापणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. आणि तेही धड नाही. एक तुकडा पाऊण, दुसरा पाव. शंभर वर्षांचा हात आहे, थरथरणारच, असं मी मनाशी म्हणायचे. मग ते सुरी खाली ठेवत.

"जो कापेल तो शेवटी घेईल. जो आधी निवडेल त्यानं सगळ्यात चांगला तुकडा घ्यायचा. लाजायचं नाही. या टेबलाचा नियम आहे."

पहिल्या दिवशी मी लाजले होते. छोटा तुकडा उचलला, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून परत ठेवला. त्यानंतर मी कधी लाजले नाही. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, दिवसभर लॅब, येताना बसची वाट बघणं. मोठा तुकडा मी मुकाट्यानं हाणायचे. दुसरं थालीपीठ केलं तर तेही ते तसंच कापत.

"अगं, साजूक तूप घाल," आईनं फोनवर सांगितलं. "दाण्याचं कूट घाल. म्हाताऱ्या माणसाला चव लागत नाही, लिंबू पिळ."

मी तूप घातलं, कूट घातलं, लिंबू पिळलं. दहा दिवसांत वेंडेलचा अर्धा पौंड वाढला. माझे दोन.

अकराव्या दिवशी माझा तोल सुटला. भोपळ्याचे घारगे आईला फोनवर तीनदा विचारून केले होते. वेंडेलनी एकेका घारग्याचे दोन-दोन तुकडे केले, मी माझे घेतले, आणि त्यांच्या ताटलीत चार कपच्या उरल्या. त्यातलीही एक त्यांनी बाजूला ठेवली.

"तुम्हाला माझं जेवण आवडत नाही, तर सरळ सांगा ना!" मी ओरडलेच. "लॉरेन तुम्हाला घेऊन जाईल, आणि सगळे म्हणतील हिनं उपाशी ठेवलं. मी तुमच्यासाठी मरमर मरते आणि तुम्ही चिमणीसारखं खाता!"

वेंडेल माझ्याकडे बघतच राहिले. "आवडत नाही?" ते म्हणाले. "अबोली, मी वर्षभर रोज दुपारपासून या टेबलाची वाट बघतोय." मग त्यांनी रुमालानं हात पुसले. "तुला माहीत आहे ना, मी युद्धात गनर होतो?"

तेवढंच माहीत होतं, तेही लॉरेनकडून. मेडल्स मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये होती. त्या दिवशी त्यांनी पुढचं सांगितलं.

बॉम्बर विमानाच्या पोटाखाली काचेचा एक गोळा लटकायचा. त्यात गुडघे छातीशी घेऊन बसायचं आणि खालून येणाऱ्या विमानांवर गोळ्या झाडायच्या. त्यासाठी बुटकी पोरं निवडत. वेंडेलच्या अकराव्या मोहिमेत विमान पेटलं. ते कसेबसे गोळ्यातून वर आले, पॅराशूट अडकवलं आणि जर्मनीवर उडी टाकली. तेव्हा वय वीस. उतरले ते बटाट्याच्या शेतात. शेतकऱ्यांनी फावडी उगारून घेरलं, आणि तिथून रवानगी थेट कैद्यांच्या कॅम्पात.

"आठ जणांत एक काळा पाव," ते म्हणाले. "एक जण कापायचा. जो कापेल तो शेवटी घेईल, म्हणजे तो सगळे तुकडे अगदी सारखे करणार. तिथे कुणी कुणाशी सभ्यपणा करत नसे. आधी निवडणारा सगळ्यात मोठा तुकडा घ्यायचा, आणि त्यात लाज नव्हती. त्या नियमामुळे आमच्यात कधी मारामारी झाली नाही. एडी माझ्या शेजारच्या बाकड्यावर झोपायचा. तोही गनर. ओहायोचा, पण माणूस चांगला."

ओहायो म्हणजे शेजारचं राज्य, फुटबॉलमधलं हाडवैरी; आमच्या गावात तिथल्या माणसाला याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळत नाही. मी हसले, आणि तेही जरासे हसले.

"फेब्रुवारीत रशियन सैन्य जवळ आलं. जर्मनांनी आम्हाला बाहेर काढलं आणि पश्चिमेकडे चालवत नेलं. बर्फात, आठवडेच्या आठवडे. झोपायला गोठे. मला जुलाब लागले होते, उभं राहवत नव्हतं. दोघांत मिळून पावाचा एक लहान तुकडा मिळायचा. एडी म्हणाला, आजपासून मीच कापणार. त्यानं वाकडा कापला. रोज वाकडाच कापायचा. मला वाटलं, थंडीनं याचे हात बधिर झालेत. मी आधी निवडायचो आणि मोठा घ्यायचो. माझा हक्कच होता तो."

त्यांनी ताटलीतली बाजूची चिपटी सरळ केली.

"मार्चमध्ये एका सकाळी एडी उठलाच नाही. मी चालत राहिलो. एप्रिलच्या शेवटी सुटलो, घरी आलो. आईनं माझा कोट धुवायला घेतला आणि विचारलं, हे बटण कुठल्या शिंप्यानं लावलं रे? एडीनं लावलं होतं, मरायच्या आदल्या आठवड्यात. बारीक, एकसारखे टाके." त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "त्याचे हात बधिर झालेच नव्हते, अबोली. मी त्याला एकदाही थँक यू म्हटलं नाही. कशासाठी म्हणायचं, हेच मला माहीत नव्हतं."

नजर कुठेतरी वळवायची म्हणून खिडकीकडे पाहिलं. तिथे त्यांनी सकाळी बांधलेली माशी होती. हूक तांदळाएवढा, आणि त्यावर रेशमाचे वेढे एकाला एक चिकटून, कुठेही सुटलेले नाहीत. मग मी माझ्या ताटलीकडे पाहिलं. मग त्यांच्या. जानेवारीपासूनचं एकेक थालीपीठ डोळ्यांपुढून गेलं.

"तुमचा हात थरथरत नाही," मी म्हटलं.

वेंडेल चोरी पकडल्यासारखे ओशाळले. "तू आलीस तेव्हा फार बारीक होतीस," ते म्हणाले. "आणि रात्री आईशी बोलून झालं की रडायचीस. भिंती पातळ आहेत."

मी तिथेच रडले, चांगली हुंदके देऊन. दहा महिने मला वाटत होतं की या परक्या गावात मी स्वतःच्या हिमतीवर तगून राहिले.

वर जाऊन आईला फोन लावला. तिकडे पहाटेचे पाच वाजले होते, ती कणीक मळत होती.

"आई, मेसमध्ये सगळ्यांचं झाल्यावर तू काय खायचीस गं?"

"उरेल ते. का गं?"

"काही नाही. थँक यू."

"अमेरिकेत जाऊन तू फारच फॉर्मल झालीस," आई म्हणाली, पण मग बराच वेळ तिनं फोन ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी थालीपीठ टेबलावर ठेवलं आणि वेंडेलच्या आधी सुरी उचलली. त्यांनी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. मी कापलं. एक तुकडा पाऊण, दुसरा पाव. सुरी खाली ठेवली.

"जो कापेल तो शेवटी घेईल," मी म्हटलं. "निवडा."

त्यांनी दोन्ही तुकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. "वाकडं कापलंस."

"हात बधिर झालाय. थंडी आहे ना."

हीटर चालू होता. मी अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टमध्ये होते. मला वाटलं, आता ते छोटा उचलणार आणि माझं सगळं मुसळ केरात. पण नियम त्यांचाच होता, ऐंशी वर्षांचा, आणि तो मोडणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी मोठा तुकडा घेतला. सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, बोटाला लागलेलं तूपसुद्धा चाटलं.

"थँक यू," ते म्हणाले. ते ताटलीकडे बघून म्हणाले. त्यातलं थोडं माझ्यासाठी होतं, बाकीचं ओहायोला जायचं होतं. मी मान हलवली आणि माझा छोटा तुकडा खाल्ला. इतकं चविष्ट थालीपीठ मी आजवर केलं नव्हतं.

मग रोज मीच कापलं. ते रोज माझ्या हाताची चौकशी करत आणि रोज मोठा तुकडा घेत.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी लॉरेननं वजनकाटा बाथरूममधून थेट हॉलमध्ये आणला. वेंडेल बूट काढून त्यावर चढले. एकशे वीस आणि वर थोडं. लॉरेननं त्यांना उतरवून पुन्हा चढवलं. तेवढेच. मग तिनं मला अशी मिठी मारली की माझा चष्माच वाकला. "तू केलंस तरी काय?" ती सारखं विचारत होती.

जेवण झाल्यावर तिनं भोपळ्याचं गोड सारण भरलेला 'पाय' टेबलावर आणला आणि सुरी उचलली. वेंडेलनी तिचा हात धरला.

"अबोलीला कापू दे," ते म्हणाले. "तिचा हात फार छान थरथरतो."

लॉरेनला काही कळलं नाही. तिनं सुरी माझ्या हातात दिली, आणि वेंडेल आपली ताटली पुढे सरकवून बसले.