साडूचं खेळणं

धाकट्या साडूने सासऱ्यांच्या टीव्हीमागे काडेपेटीएवढा कॉम्प्युटर चिकटवला आणि घरातले सगळे सिनेमे, लग्नांचे व्हिडिओसुद्धा, पडद्यावर प्रकारानुसार ओळीने लावून दिले.

"जावई असावा तर असा!" सासरे म्हणाले.

लग्न झाल्यापासून या घरातले फ्यूज मी बदलतोय, पण मला कुणी हिंग लावून विचारत नाही. पोटात दुखायला लागलं.

"आमचं लग्न दाखवा की," मी खोचकपणे म्हणालो.

त्याचं लग्न 'कौटुंबिक'मध्ये होतं. आमचं शेवटी 'भयपट'मध्ये सापडलं.

"सॉफ्टवेअर फाइलच्या नावावरून आपोआप ठरवतं, साडूभाऊ," तो गडबडला. "बदलतो लगेच."

एकदाची त्याची चूक सापडली होती! मी तोंड उघडणार, एवढ्यात माझी बायको म्हणाली, "राहू द्या, बरोबर लावलंय."