नलूमावशीचा सकाळचा फोटो

ऊन तळहातावर घेऊन पाहायची नलूमावशीला सवय होती. खिडकीतून आलेल्या कोवळ्या कवडशाखाली ती हात धरायची, बोटं किंचित हलवायची आणि पाणी कोमट झालंय का पाहावं तशा गांभीर्याने म्हणायची, "अजून दहा मिनिटं." मग कॅमेरा बाहेर यायचा. शाळेत चित्रकला शिकवणारी ही माझी अविवाहित मावशी. पुण्यातल्या दुकानांत परदेशी वस्तू नुकत्या दिसू लागल्या होत्या, तेव्हा तिने एक छोटा कॅमेरा घेतला. छत्तीस फोटोंचा रोल ती महिनाभर पुरवायची. माणसांना ओळीत उभं करून तिने कधी फोटो काढला नाही. भिंतीला टेकलेली सायकल, वाळत घातलेल्या साडीतून आरपार गेलेला प्रकाश, मंडईतल्या वांग्यांच्या राशीवर उतरलेली हेमंतातली सकाळ, असलं कुणाच्याच लक्षात न राहणारं ती जपून ठेवायची. ते फोटो पाकिटातून आमच्या अमरावतीच्या घरी येत. मागे रेखीव अक्षरात एकच प्रश्न असे, 'काय काय दिसतंय?' आणि मी, दहा-अकरा वर्षांची, पानभर उत्तर पाठवत असे.

संगणकाच्या नोकरीने पुढे मला पुण्यात आणलं. पहिलं वर्ष मी मंडईजवळच्या तिच्या दोन खोल्यांत काढलं. मग लग्न झालं, बाणेरला फ्लॅट झाला, आणि एकाच शहरात राहून आम्ही सणावारी भेटणाऱ्या झालो. दरम्यान तिच्या हाती मोबाईल आला होता. रोज सकाळी नऊच्या सुमाराला घरच्या ग्रुपवर तिचा एक फोटो यायचा, खाली तोच प्रश्न. काही काळाने ती टाइप करायचं सोडून तो प्रश्न आवाजात विचारू लागली. फोटोही तिरके येऊ लागले. कधी अर्धी टोपली, कधी नुसतं आभाळ. "मावशी मॉडर्न झाली," असं आम्ही भावंडं हसून म्हणायचो. नऊला माझी मीटिंग असे. मी एक अंगठा उमटवायचे आणि पुढच्या कामाला लागायचे.

मार्गशीर्षातल्या एका शनिवारी तिला चकित करावं म्हणून मी न कळवता निघाले. ती घरी नव्हती, म्हणून मंडईत गेले. तिच्या नेहमीच्या भाजीवाल्या हौसाबाईंच्या गाळ्यासमोर ती उभी होती. पांढरी सुती साडी, ताठ मान, दोन्ही हातांत फोन. मी जाऊन तिच्या पुढ्यातच उभी राहिले. दोघींमध्ये दोन हातांचंही अंतर नव्हतं. मी हसत होते.

तिने फोन जरा खाली घेतला आणि अस्सल पुणेरी कोरडेपणाने म्हणाली, "अहो ताई, आपण भाजी नाही आहात. जरा बाजूला होता का?"

मला वाटलं, थट्टा करते आहे. पण तिची दृष्टी माझ्या चेहऱ्यावरून, दारावरून सरकावी तशी, सरकून गेली. मागून हौसाबाई म्हणाल्या, "मावशी, फोन आनखी डावीकडं घ्या. हां, आता आली बगा वांगी." आणि माझ्याकडे वळून सहज म्हणाल्या, "त्यांना दिसत न्हाई हो. रोज मीच सांगते."

भोवतीचा सगळा गलका क्षणात दूर गेला. कसंबसं म्हटलं, "मावशी, मी आहे."

माझा आवाज ओळखून तिचा चेहरा आधी उजळला, आणि मग चोरी पकडली जावी तसा विझला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. मधलं सगळं पुसलं गेलंय, कडेचं थोडं उरलंय. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येत नाही. घरात वावरता येतं, तुम्ही आवाजावरून कळता."

"मग फोटो कशाला काढतेस?"

"तुम्ही सांगाल म्हणून. तुम्ही सांगितलं असतं, तर मला दिसलं असतं."

"अगं, पण आम्हाला एका शब्दाने बोलली नाहीस!"

"विचारत तर रोज होते." ती थांबली. "फोन वाचून दाखवतो गं सगळं. रोज सकाळी म्हणतो, थम्स अप, थम्स अप. दोन वर्षं अंगठा दाखवलात मला."

ती हसली. मला हसता आलं नाही. गाळ्याच्या कडेला मी मटकन बसले आणि तीच माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला प्रत्येक फोटो शब्दांत सांगू लागले. ती हटकायची, "हिरवा म्हणजे कुठला? मेथीचा की मिरचीचा?" मीटिंग दहा मिनिटं पुढे गेली, कुणाचं काही अडलं नाही. असे चार हिवाळे आम्हाला मिळाले. मग एका भाद्रपदात, अल्पशा आजाराने, ती गेली.

लोक म्हणतात, शेवटी तिला फार आनंद दिलास. मी मान हलवते. पण माणूस गेल्यावर त्याची अनुपस्थिती सुरू होते, यावर माझा आता विश्वास नाही. ती दोन वर्षं मावशी रोज सकाळी तिथेच उभी होती. अनुपस्थित मी होते, आणि त्या काळाची माझ्याकडे एकही आठवण नाही.