चौथा भाग वाजलाच नाही

काएतानला मी आधीच सांगितलं होतं, तुझ्या सिंफनीचा दुसरा भाग एवढा गोड करू नकोस, मार खाशील.

"गोड केलं म्हणून मार कोण देतं?" तो म्हणाला.

"व्हिएन्नाचे लोक देतात. मिठी मारून जीव घेतात."

तो हसला. मी सांगितलेलं कोणी खरं धरत नाही, त्यात माझाच हात आहे. मी नगारेवाला. वादकांच्या सगळ्यात मागे उभा, पुढ्यात तांब्याचे दोन नगारे, आणि शंभर मात्रा गप्प बसायचं, मग दोन ठोके. रिकामा माणूस काय करणार? कधी क्लॅरिनेटच्या नळीत वाटाणा, कधी फॉन रीडर साहेबांच्या काठीला बदकाची चरबी. काठी एकदा उडून थेट एका सरदारणीच्या मांडीत पडली. साहेब आम्हाला काठीनं चालवायचे, म्हणजे हौसेनं. पोटाला त्यांची जमीन होती.

काएतान माझ्यासमोर शेवटच्या खुर्चीत चेलो वाजवायचा. त्यानं कित्येक वर्षं खपून चार भागांची एक सिंफनी लिहिली होती. आमची मंडळी दर कार्निव्हलला एकच नवी सिंफनी वाजवायची, आणि यंदा त्याचा नंबर लागला. पण सोमवारी सकाळच्या गाडीनं तो बहिणीबरोबर मोराव्हियातल्या एका खेड्यात चालला होता. शाळेत पोरं हाकायची आणि चर्चमधला ऑर्गन वाजवायचा. शहरात पोट भरेना म्हणून त्यानं हो म्हणून टाकलं होतं. त्या गावात वाद्यं म्हणजे दोन व्हायोलिनं, त्यातलं एक न्हाव्याचं. तेव्हा सिंफनी ऐकायची तर याच रविवारी दुपारी, नाहीतर कधीच नाही.

आणि त्याला ऐकायचा होता तो चौथा भाग.

तालीम एकच असते, ती शुक्रवारी झाली. तिसऱ्या भागापर्यंत आलो आणि निम्मे वादक नाटकात वाजवायला थिएटरकडे पळाले. "चौथा सरळ कागदावरून वाजवू," रीडर साहेब म्हणाले. असंच करतात सगळीकडे. काएताननं मान डोलावली, पण जेवताना चौथ्याचेच कागद चाळत बसला.

"एवढं काय आहे रे त्या चौथ्यात?" मी विचारलं.

"दुसऱ्यातली चाल आहे ना, ती परत येते. पण हातपाय तुटलेली. आधी ओबो ती विसरतो, मग व्हायोलिनं विसरतात. एकेक जण सोडून जातो तिला."

"मग आधी तिला एवढी नटवलीस कशाला?"

"लाडकी नसेल तर गेल्याचं दुःख कोणाला होईल?"

त्याची बहीण वाल्बुर्गा सूप वाढता वाढता म्हणाली, "ह्याला माणसं सोडून गेली तेव्हा ह्यानं चार टिपं गाळली नाहीत. आता चाल गेली म्हणून चाळीस माणसांना रडवणार."

रविवारी हॉल गच्च. हॉल मुळात नाचाचा. संध्याकाळी तिथेच मुखवट्यांचा नाच होता, आणि अडीच वाजता जमिनीला मेण लावणारे येणार होते. पहिला भाग झाला, लोकांनी बेताच्या टाळ्या दिल्या. मग रिवाजाप्रमाणे मध्येच एका बाईंनी गाणं म्हटलं. बरंच म्हटलं. मग दुसरा भाग.

आता खरं सांगतो, चाल होतीच तशी. मला दोनच ठोके होते, तेही चुकता चुकता राहिले. संपली आणि हॉल उसळला. वन्समोर. हॉलनं मागितलं की द्यायचं, ही इथली रीत. नाही दिलं तर सरदार लोकांचा अपमान. आम्ही परत वाजवली. काएताननं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तोंड लाल, डोळ्यांत पाणी. एवढा खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

पुन्हा वन्समोर.

ह्या वेळी त्यानं वळून पाहिलं तेव्हा तोंडावरचा रंग उतरला होता. दाराशी मेणवाले ब्रश घेऊन उभे होते. एक जण जांभई देत होता. मला कळलं हे कुठे चाललंय, म्हणून मी माझ्या परीनं एक उद्योग केला. साहेबांनी परत काठी उचलायच्या आतच दोन्ही नगाऱ्यांवर असा दणका सुरू केला की लोकांना वाटावं तिसरा भाग लागला. वेन्झेल, आमचा हॉर्नवाला, माझ्यापेक्षा बेरकी. त्यानंही लगेच शिंग तोंडाला लावलं.

हॉल हसायला लागला. "वा, हे पण छान," पुढच्या रांगेतले एक जाडे गृहस्थ म्हणाले, "पण आधी ती चाल." साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की काठी हातात टिकली हेच नशीब. चाल तिसऱ्यांदा वाजली.

मग तिसरा भाग अक्षरशः पळवला. तो संपतो तोच मेणवाल्यांनी मागच्या रांगेतल्या खुर्च्या उचलायला सुरुवात केली. साहेबांनी काठी खाली ठेवली आणि लोकांना वाकून नमस्कार केला.

काएतान उभा राहिला. "साहेब, चौथा भाग."

"अहो, जिंकल्यावर कोणी लढाई चालू ठेवतं का?" साहेब प्रेमानं म्हणाले. "ऐकताय ना टाळ्या? तुमच्याच आहेत."

"पण ते पुरं नाही झालं."

"लोकांचं झालं ना. वेळ पाहिलीत?"

एक म्हातारी सरदारीण त्याचा हात धरून म्हणाली, "शेवट असा हसता ठेवलात ते बरं केलंत. हल्लीचे लोक उगाच रडवतात." काएताननं तिचे आभार मानले. दुसरं काय करणार?

मी गप्प बसणाऱ्यातला नाही. चौथ्या भागाचे जेवढे कागद हाताला लागले तेवढे शर्टात कोंबले आणि वेन्झेल, ओबोवाला, दोन व्हायोलिनवाले असे धरून सगळ्यांना कोपऱ्यावरच्या खानावळीत नेलं. नाचाला वाजवायला जायला अजून अवकाश होता. काएतान आणि वाल्बुर्गा तिथेच जेवत होते.

"बस," मी म्हणालो. "ऐक आता तुझा चौथा."

टेबलावर कागद पसरले. मी उलट्या पातेल्यावर. सुरुवात केली. पाचच माणसं, कागदात भोकं असल्यासारखं वाजत होतं. मध्येच कोणी बिअर मागितली, कोणी दार आपटलं. काएताननं वेन्झेलच्या शिंगाच्या तोंडावर हात ठेवला.

"थांबा."

"का रे? वाईट वाजतंय?"

"नाही, बरं वाजतंय. म्हणूनच नको. इतकी वर्षं मी तो डोक्यात पुऱ्या चाळीस माणसांकडून ऐकतोय. आज हा ऐकला तर तिकडे गेल्यावर हाच ऐकू येईल."

वाल्बुर्गा म्हणाली, "मग डोक्यातलाच घेऊन चल. ट्रंकेत जागा नाही तशीही." पण तिनं हे ताटाकडे बघत म्हटलं.

शेजारच्या टेबलावरून एक खाटीक ओरडला, "अहो, ती दुपारची चाल वाजवा ना. मेव्हणा ऐकून आलाय, मघापासून गुणगुणतोय."

आम्ही काएतानकडे पाहिलं.

"वाजवा," तो म्हणाला. "ती तरी पाठ आहे तुम्हाला."

वाजवली. सगळी खानावळ डुलायला लागली, खाटकानं बायकोला उठवून नाचवायला सुरुवात केली. काएताननं टेबलावरचे कागद गोळा केले, एकावर बिअर सांडली होती ती बाहीनं टिपली, आणि गठ्ठा माझ्या पातेल्याशेजारी ठेवला. मग बहिणीच्या खांद्यावर कोट टाकला. मी वाजवता वाजवता खुणेनं विचारलं, कागद नेत नाहीस? त्यानं मानेनंच नाही म्हटलं.

ते दोघं दाराबाहेर गेले तेव्हा आम्ही चालीच्या ऐन मध्यावर होतो. नाचणारी जोडपी आता सहा झाली होती. चालीच्या मध्यावर थांबता येत नाही.