हिरवी खूण

"ताई, आधी दार लाव."

भाऊ सरळ बेसिनपाशी गेला. पांढऱ्या बेसिनमधून लाल पाणी वाहू लागलं. ती बाळाला खांद्यावर घेऊन मागं उभी राहिली.

"कुठं लागलं तुला?"

"मला नाही लागलं."

"कोणाला मारलंस?"

"आमच्या हिरोच्या ड्रायव्हरला. त्यानंच जिन्यावरून ढकललं ना हिरोला. दारातच गाठला, सळईनं झोडला." त्यानं टॉवेल ओढला. "अशी काय बघतेस? बातमीवर हिरवी खूण होती. तुझी."

तिचीच होती. सिनेमाच्या गप्पांची साइट म्हणून लोक हसायचे, पण ज्याची बातमी त्याच्या घरी स्वतः फोन करून विचारल्याशिवाय ती खूण लावायची नाही. भाऊ मित्रांत मिरवायचा, ताईची खूण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मग मालक बदलला. नव्यानं विचारायचे फोन बंद केले, खूण तेवढी ठेवली. आता ती प्रत्येक बातमीवर आपोआप उमटायची. त्यावरून ती मालकाशी भांडली, नोकरी सोडून आली. घरी मात्र सांगितलं, बाळासाठी सोडली.

"तिथं आता कोणी विचारत नाही रे. नुसतं छापतात."

भाऊ हसायला गेला, जमलं नाही. "मग हे आधी नाही सांगायचंस?"

तिनं ड्रायव्हरच्या घरचा नंबर लावला. हिरोच्या भानगडींपायी कितीदा लावलेला. बाळ तिच्या मानेत नाक खुपसून झोपलं होतं.

फोन त्याच्या बायकोनं उचलला. मागं काचा लोटल्याचा आवाज येत होता.

"मी बोलतेय. साइटवरून फोन करायची ती."

"चौकशीबाई होय. विचारा की."

तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"हिरो पडला तेव्हा हे घरीच होते, पोरीला भरवत होते." बाईचा आवाज सपाट होता. "दारावर धडका बसल्या. म्हटलं, उघडू नका, तुमच्यावर काहीतरी छापून आलं असेल. तर म्हणाले, छापायच्या आधी चौकशीबाईचा फोन येतो. आला नाही, म्हणजे आपलं काही नाही. आणि उघडलं."

"आता कसे आहेत?"

"डोळे उघडत नाहीत. ॲम्ब्युलन्सची वाट बघतेय."

तिनं फोन भावासमोर धरला. "घे. तूच विचार."

भावानं स्वच्छ झालेले हात पुन्हा एकदा टॉवेलला पुसले, आणि मग फोन घेतला.