उशाजवळचा आकडा

माणूस खोटं बोलेल, आकडा बोलणार नाही, हे विनय दात्यांनी तेहतीस वर्षं बँकेत घोकलेलं. लखनौला बदली झाली, विकास नगरात घर घेतलं, रिटायर झाले, तरी हा हेका काही सुटला नाही.

त्यांच्या बायकोची, लतिकाची, फुप्फुसं कमजोर झाली होती. दिवाळीनंतर शहरावर धुरकं बसलं तसं त्यांच्या मुलानं, निनादनं, पुण्याहून हवा शुद्ध करणारं मशीन पाठवलं आणि सोबत हवेतली धूळ मोजणारा छोटासा सेन्सर. प्लग दाराजवळ होता, म्हणून मशीन तिथंच लागलं आणि सेन्सर त्याच्याच डोक्यावर बसला. विनयरावांनी दाराखिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या. आकडा दोनशेवरून बारावर आला, हिरवा दिवा लागला आणि स्वारी खूश झाली.

लतिकाचा पलंग खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी होता.

"अहो, इकडे धुराचा वास येतो," ती म्हणायची. "खाली चौकीदार शेकायला अलाव पेटवतो ना, त्याचा."

"बारा आहे, बघ. भास होतोय तुला."

पाच-सहा वेळा सांगून तिनं नाद सोडला. नुसती खोकत राहिली. तक्रार थांबली म्हणजे मशीनचा गुण आला, असं या शहाण्या माणसाला वाटलं.

जानेवारीत तिला हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं. "अंकल, अब लंग्स ठीक नहीं होंगे," डॉक्टर म्हणाले. "घर में धुआँ तो नहीं था?"

"बारह रहता है," विनयरावांनी सांगितलं. त्या सांगण्यातसुद्धा जरा ऐट होती.

दुपारी ते तिची शाल न्यायला घरी आले. हॉस्पिटलची हवाही मोजून बघू म्हणून त्यांनी सेन्सर उचलला आणि शालीची घडी घालेपर्यंत लतिकाच्या उशीवर ठेवला. घडी होईस्तोवर लाल दिवा लागला होता. एकशे शहाऐंशी.

बिघडला असेल म्हणून त्यांनी तो परत मशीनवर नेला. थोड्या वेळानं बारा. पुन्हा उशीवर ठेवला, तर एकशे नव्वद.

मग त्यांनी मान वर केली. खिडकीत उन्हाळ्याचा कूलर तसाच बसवलेला होता, त्याच्यावर हिवाळ्यापुरती जुनी चादर टाकलेली. सगळ्या फटी बुजवल्या, आणि हे भगदाड तेवढं राहिलं. चादर उचलली तर कूलरच्या वाळक्या गवतातून अलावाचा धूर सरळ आत येत होता. तिच्या उशीपासून हातभरावर. ते पलंगावर बसले. तिला कसलाही भास झाला नव्हता, हे आता कुणाला सांगायचं, ते त्यांना कळेना.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी तिच्या अंगावर शाल पांघरली, तेव्हा लतिकानं मास्क जरासा सरकवला.

"घरात आकडा किती आहे हो?"

खिशातल्या सेन्सरवर विनयरावांची मूठ घट्ट झाली.

"बारा."

"मग माझंच काहीतरी बिघडलं असणार," ती म्हणाली. "उगीच तुमच्याशी वाद घातला. रागावू नका हं."