सोडवलेल्या गाठी

माझ्या थोरल्या लेकीला पहिली मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. बाळंतपणासाठी मी महिनाभर तिच्याकडे राहिले. माझं शिवणाचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. ती धाकट्या जावेवर सोपवली होती.

मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. कुणाला कळू नये म्हणून मापं मी नाडीवर घ्यायचे. माणसागणिक एक नाडी: पहिली गाठ खांद्याची, दुसरी छातीची, तिसरी बाहीची. टोकाला ओळखीची रंगीत चिंधी. कारखान्यातल्या बत्तीस कामगारांचे कोट शिवायचे होते. बत्तीस नाड्या खिळ्याला टांगून मी गेले. त्या कशाच्या, हे जावेलाही सांगितलं नव्हतं. लाज वाटायची.

परत आले तर खोली लख्ख. नाड्या धुऊन, इस्त्री करून, एकीला एक जोडून त्यांचा गुंडा केलेला.

"ताई, काय तो गुंता! आठ दिवस सोडवत होते. नखं बघा माझी."

मी गुंडा उलगडून पाहिला. एकही गाठ उरली नव्हती.

कारखान्याच्या मुकादमाकडे गेले. तो म्हणाला, "पुन्हा मापं? आधीची काय उंदरांनी खाल्ली? तुमच्यापायी दोनदा काम बंद ठेवू?" दुसऱ्या दिवशी त्याचा माणूस सगळं कापड उचलून घेऊन गेला. मग बाकीची गिऱ्हाइकंही पांगली. मी दुसऱ्याच्या दुकानात काजं-बटणं करायला लागले.

हे म्हणायचे, "अगं, तिचा हेतू तरी बघ."

"बघितला. त्याचा एक कोट बेतून दाखवा."

जाऊ तोंड एवढंसं करून म्हणाली, "मला काय ठाऊक, ताई? माझ्या कष्टांचं काहीच नाही का?"

तिचं खरं होतं. सांगितलं नव्हतं मीच. ते कळत होतं, म्हणून तर जास्त जळायचं. मी म्हटलं, "कष्ट झाले तुझे. उपकार नाही झाले."

त्यानंतर सतरा वर्षं एका चुलीवरचं जेवलो. ती अंथरुणाला खिळली तेव्हा मीच तिचं सगळं केलं. एकदा माझा हात धरून म्हणाली, "ताई, एकदा तरी म्हणा, चांगल्या मनाने केलंस."

एवढंच हवं होतं तिला. मी उशी सारखी केली आणि पाणी आणायला गेले.

धाकटी जाऊ त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी वारली.